व्हॉडव्हिलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नाच-गाणी-नकलांच्या जुन्या रंगमंचीय खेळांच्या काळातला, आज विसरला गेलेला कोणता कलावंत आवर्जून पाहावा?

बर्ट विल्यम्स. जन्म १८७४, बहामा. १९१० साली न्यूयॉर्कच्या झीगफेल्ड फॉलीज या भपकेबाज नाच-गाण्यांच्या कार्यक्रमात गोऱ्या नटांच्या बरोबरीने उभा राहिलेला कृष्णवर्णीय विनोदी नट. मुळात काळा असूनही जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासूनच त्याला रंगमंचावर यावं लागे. हे वाचलं की आजही पोटात कालवतं.

१९१६ च्या एका मूकपटात तो तुरुंगाच्या कोठडीत एकट्यानेच पोकर खेळतो. हातात एकही पत्ता नाही, समोर कुणी नाही. तरी पिसणं, वाटणं, हळूच पानं उघडून बघणं, मग तो पडलेला चेहरा... सगळं दिसतं! त्याचा १९१३ मध्ये चित्रित होऊन अपुरा राहिलेला चित्रपट तर थेट २०१४ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने पडद्यावर आणला. पण आधी तो पोकरचा प्रसंग बघाच.