बाळाकडे बघायला शीक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे रात्रीचे निरोप सगळे वाचले. लेक शिंकते, तिला उचकी लागते, झोपेत दचकते, पिऊन झालं की थोडं दूध तोंडातून बाहेर येतं, दिवसभर झोपते आणि रात्री दोनला टक्क जागी असते. हे सगळं तिच्या वयाचं आहे. यातल्या कशालाही औषध लागत नाही, कोणी सुचवलं तरी देऊ नकोस. पहिल्या आठवड्यात शूच्या जागी रक्ताचा डाग दिसला म्हणून तुम्ही घाबरला होतात, तेही नवजात मुलींमध्ये होतं. आईच्या अंगातली संप्रेरकं बाळाच्या रक्तातून कमी होत जातात, त्याचा तो परिणाम असतो.

माझी सगळी नोकरी बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांच्या वॉर्डात गेली. एवढंसं बाळ आपल्याला काय होतंय ते सांगत नाही, पण बघणाऱ्याला ते दिसतं. म्हणून इंटरनेटवर शोधण्याआधी बाळाकडे बघायला शीक.

आधी दुधाचं बघू. दूध पुरतंय का, ही तुम्हा दोघांची मोठी काळजी, आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई त्यात भर घालून जाते. अंगावरचं दूध मोजता येत नाही, पण शूवरून आणि वजनावरून ते कळतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि पिऊन बाळ सैल होऊन झोपत असेल, तर दूध पुरतंय. जन्मल्यावर वजन घटतं, दहा टक्क्यांपर्यंतसुद्धा, आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पुढे पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढलं की झालं. रोज काट्यावर ठेवू नका, आठवड्याला एकदा पुरे. दोन आठवडे उलटूनही जन्माचं वजन गाठलं नसेल तर मात्र दाखवा.

सूनबाई बाळाला पाजायला घेते तेव्हा शेजारी बस आणि बाळाची पकड बघ. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी आईच्या छातीला टेकलेली, आणि नुसतं स्तनाग्र नव्हे तर भोवतालचा काळसर भागही बराचसा तोंडात. अशी पकड असली की गिळल्याचा बारीक आवाज येतो आणि आईला दुखत नाही. तिला दुखत असेल तर बाळाला ओढू नका. स्वच्छ धुतलेली करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवली की पकड सुटते, मग पुन्हा लावायचं. दूध कमी येतं म्हणून रडणाऱ्या कितीतरी बायकांचं काम एवढ्यानंच झालेलं मी पाहिलं आहे. डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगाच नाही. डॉक्टरांनीच वरचं दूध सांगितलं तर वाटी-चमच्यानं द्या. सहा महिने पाण्याचा थेंबही नको, मे महिन्यातसुद्धा नको.

आता श्वास. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं आणि आरोग्यदूत म्हणून घरोघरी पाठवलं. ३९ गावांमधलं ते काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथं नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. आज आशाताई घरी येऊन बाळ बघते ती पद्धत याच कामातून उभी राहिली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. तुमच्याकडे आली तर ‘आमचे मोठे डॉक्टर आहेत’ म्हणून तिला दारातून परत पाठवू नका. ती काय काय बघते ते नीट बघून घे.

तिच्यासारखा श्वास तुलाही मोजता आला पाहिजे. बाळ शांत किंवा झोपलेलं हवं. झबलं वर कर, पोट वर आलं की एक धर, आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट मोज. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो. पाच-सात सेकंद थांबतो, मग भराभर चालतो. मिनिटाला ६० किंवा जास्त आले तर थोड्या वेळानं पुन्हा मोज. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर दवाखाना गाठ. आणि श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ कण्हत असेल, तर मोजत बसूच नकोस. नीघ.

अंगाची ऊब हाताच्या पालथ्या बाजूनं बघ, आधी पोटाला आणि मग तळपायाला. दोन्ही कोमट असली की बाळ बरं आहे. पोट गरम आणि पाय गार असतील तर थंडी वाजते आहे. अशा वेळी दुपट्यांचे थर चढवण्यापेक्षा तुझा शर्ट काढ, लेकीला नुसत्या लंगोट-टोपड्यावर तुझ्या उघड्या छातीशी उभी धर आणि वरून दोघांवर शाल घे. हे काम आईचंच असतं असं नाही, बापाच्या छातीलाही तेवढीच ऊब असते. पोटही गार लागलं तर असंच छातीशी धरून थेट दवाखान्यात ने. उलट, १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला, म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असेल तर रात्रीच. घरचं औषध देऊन सकाळची वाट बघायची नाही. उलटी हिरवी झाली, झटका आला, बेंबीभोवती लाली किंवा पू दिसला, किंवा चांगलं पिणारं बाळ पिईनासं होऊन मलूल पडलं, तरी तसंच. १०८ नंबर फोनमध्ये आत्ताच घालून ठेव. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार मोफत असतात, पैशाच्या विचारानं पाय मागे घेऊ नकोस.

कावीळ ट्यूबलाइटमध्ये कळत नाही. दिवसा खिडकीपाशी नेऊन कपाळावर, मग छातीवर, मग पायावर बोटानं दाबून सोड आणि त्वचेचा रंग बघ. पिवळेपणा चेहऱ्यापासून खाली उतरतो, तळहात-तळपाय पिवळे झाले तर तातडीनं दाखवायचं. तुमची लेक आता अडीच आठवड्यांची झाली. अजूनही पिवळी वाटत असेल तर बरी दिसत असली तरी रक्त तपासून घ्या. शी खडूसारखी पांढरट दिसली तर एक दिवसही थांबू नका. यकृताच्या नळीचा दोष असला तर त्याची शस्त्रक्रिया लवकर झाली तरच उपयोगी पडते. कोवळ्या उन्हात धरल्यानं कावीळ बरी होते यावर विसंबून राहू नका.

आता अवघड गोष्ट. माझी वहिनी, म्हणजे तुझी आई, नातीसाठी गावाहून आली आहे, तिच्या हाताखाली तुम्ही वाढलात, आणि तिच्या पिशवीत सहाण, काजळाची डबी, घुटीचा संच, मोहरीची उशी सगळं आलं असणार. यातलं काय नको ते तिला तू सांगायचं. सूनबाईच्या तोंडून गेलं तर ते उद्धटपणा ठरेल, तुझ्या तोंडून गेलं तर लेकाचा हट्ट ठरेल. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं आणि डोळ्यात जंतू जातात. नाकाकानात तेल नको. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झालेली बाळं मी सांभाळली आहेत. घुटी नको, सहाणेवरचं जायफळ-वेखंड पोट बिघडवतं, आणि बाळ गुंगलं की घरचे म्हणतात शांत झोपलं. मध वर्षभर चाटवायचा नाही. शेगडीची धुरी नको, बंद खोलीत तर नकोच. पावडर नको. बाळाची छाती सुजलेली दिसली तर मालिशवाल्या बाईला ती पिळू देऊ नका. ती सूज आपली आपण जाते, पिळल्यानं तिथं गळू होतं.

बाकी वहिनीला तिच्या मनासारखं करू दे. खोबरेल तेलानं हलकं मालिश, कोमट पाण्याची आंघोळ, मांडीवर घेऊन अंगाई, मीठ-मोहरीनं दृष्ट काढणं, यानं बाळाला काही होत नाही आणि आजीचं मन भरतं. डोक्याच्या आकारासाठी मोहरीची उशी मात्र कपाटातच राहू दे. बाळ उताणं, सपाट गादीवर निजवायचं, तोंडाजवळ उशी-लोड काही नको.

संध्याकाळी ती तासन् तास रडते असं तू लिहिलंस. हे साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढतं, आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. पीत असेल, वजन वाढत असेल, ताप नसेल, तर तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मार. ग्राइप वॉटरच्या मागे लागू नकोस. सहन होईनासं झालं तर तिला पलंगावर उताणी ठेव आणि पाच मिनिटं बाहेर जा. रागानं किंवा गप्प करायला बाळाला गदगदा हलवायचं नाही, कधीच नाही. त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो.

सूनबाईकडेही बघ. पहिले काही दिवस डोळ्यांत पाणी येणं समजू शकतं. पण दोन आठवडे झाल्यावरही ती रडत असेल, बाळ निजलेलं असताना तिला झोप लागत नसेल, ‘मला जमणार नाही’ असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर तो नखरा नव्हे, आजार आहे आणि तो बरा होतो. तिच्या डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा. रात्रीचा एक लंगोट तू बदल, तिला ताटात गरम जेवण दे आणि भेटायला येणाऱ्यांना थोडे दिवस थोपव.

सहा आठवडे भरले की लसीचा दिवस चुकवू नका. पेंटा या पाच आजारांवरच्या लसीनंतर एक-दोन दिवस अंग गरम राहतं, मांडी दुखते. पॅरासिटामॉल किती थेंब ते वजनावरून ठरतं, तिथंच विचारून कार्डावर लिहून घ्या. लसीनंतरही ती पिईनाशी झाली किंवा लसीचा हा ताप दोन दिवसांपुढे गेला, तर दाखवा. त्याच सुमारास डाव्या दंडावर क्षयाच्या बीसीजी लसीची पुळी येईल, फुटेल, थोडं पाणी येईल. तिला हळद, मलम, काही लावायचं नाही. आणि ते कार्ड कपाटाच्या तळाशी नको, बाळाच्या कपड्यांच्या पिशवीतच असू दे, म्हणजे घाईत निघालात तरी हाताशी येईल.

वजनाचा आकडा रविवारी कळव.

तुझी आत्या