मेलिफेराच्या पेटीतला व्हरोआ सेन्सरने कळतो का?

तुमच्याकडे मेलिफेरा या परदेशी मधमाश्यांच्या 40 पेट्या आहेत, आणि व्हरोआ हा माश्यांवर जगणारा बारीक परजीवी (माइट) शोधायला प्रत्येक पेटी उघडत बसण्यापेक्षा सेन्सर लावावेत असा विचार आहे. स्पष्टच सांगतो, बाजारात मिळणारे नेहमीचे सेन्सर माइट मोजत नाहीत. ते तापमान, आर्द्रता, वजन, आवाज मोजतात. माइटचा अंदाज आपणच बांधायचा.

मी गेल्या वर्षी तीन पेट्यांत सेन्सर टाकले होते. एका पेटीचा आलेख अगदी सरळ, पिल्लांच्या चौकटींत 34-35 अंश. म्हटलं, ही ठणठणीत. सहज पिठीसाखरेची चाचणी केली तर 300 माश्यांमागे 14 माइट! साधारण 9 निघाले, म्हणजे शंभरी 3, की उपचाराचं बघावं लागतं. पिल्लं आहेत तोवर माश्या ऊब राखतातच, आणि माइट वाढतो तो त्याच झाकलेल्या घरांत. आलेख ढासळेपर्यंत थांबलात तर हातात रिकामी पेटी येते. शिवाय आर्द्रतेच्या सेन्सरची भोकं माश्यांनी प्रोपोलिसने, म्हणजे झाडांच्या डिंकासारख्या त्यांच्या चिकट लेपाने, लिंपून टाकली, ते वेगळंच.

चाचणी अशी: राणी त्या चौकटीवर नाही ना, हे दोनदा बघा. मग पिल्लांच्या चौकटीवरच्या अर्धा कप माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या (त्या साधारण 300 भरतात). दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हळूहळू फिरवा, दोन मिनिटं थांबा आणि पांढऱ्या ताटलीत जोरात झटका. ताटलीत थोडं पाणी टाकलं की साखर विरघळते आणि दीड मिलिमीटरचे तांबूस चपटे ठिपके उरतात. साखर मिक्सरला घरीच दळा. पावसाळी हवेत ही चाचणी करू नका, गोळे होतात आणि आकडा कमी येतो. माश्या पांढऱ्या होऊन परत जातात, मरत नाहीत.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी माइटच्या चालण्याची कंपनं टिपून दाखवली आहेत. भारी काम आहे, पण ते आपल्या बांधावर यायला वेळ आहे.

पैसे घालायचेच असतील तर दोन-तीन पेट्यांखाली वजनकाटा ठेवा. फुलोरा असून शेजारच्या पेट्या भरतायत आणि एकच अडलीय, तर चाचणी आधी तिची. बाकीच्यांतल्या पाच-सहा पेट्यांची दर महिन्याला, आळीपाळीने. सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या असतील तर त्यांना यातलं काही नको. व्हरोआ मूळचा त्यांच्याच कुळातल्या माश्यांवरचा, त्या त्याला सांभाळून घेतात.