शनिवारची आटपाडी गाडी पकड

तू लिहिलंयस की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, सांगलीला विश्रामबागेत खोली घेऊन राहतोस, मागच्या सेमिस्टरचे दोन विषय राहिलेत, आटपाडीला घरी अजून सांगितलेलं नाही. रात्री तीनपर्यंत झोप नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. या टेन्शनचं काय करू, असं विचारतोयस.

घरापासूनच सुरुवात करतो, कारण माझी गाडी तिथंच रुतली होती. मीही सांगलीतच शिकलो. माझं एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलं आणि पाच महिने मी ते लपवलं. रविवारी आईचा फोन यायचा, "सगळं बरं चाललंय" म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर तासभर काही सुचायचं नाही. दिवाळीलाही सबमिशनचं कारण सांगून खोलीवरच राहिलो. अभ्यासाची ताकद सगळी खोटं सांभाळण्यात जायची. शेवटी वडीलच फराळाचा डबा घेऊन आले. मेसबाहेरच्या कट्ट्यावर त्यांना सांगितलं. बराच वेळ ते गप्प होते. मग एवढंच विचारलं, "परत परीक्षा कधी हाय?"

आदल्या वर्षी आमची द्राक्षबाग दावण्या रोगानं गेली होती. छाटणीनंतरच्या पावसात डोळ्यांदेखत घड वाळून गळाले आणि पुढच्या ऑक्टोबरात याच माणसानं पुन्हा कात्री हातात घेतली. त्यांना एका पेपरचं सांगायला मी पाच महिने घाबरलो. तुझ्याकडं डाळिंब असेल तर तेल्या रोग आलेली बाग तुझ्या घरानंही बघितली असेल.

सगळ्यांचे वडील शांत राहतीलच असं नाही. रागावतील, बोलतील. थेट त्यांना सांगायचं धाडस होत नसेल तर आधी आईला किंवा मामाला सांग. पण फोनवर नको, समोर बसून सांग. जाताना एका कागदावर लिहून ने : कोणते विषय, फॉर्मची शेवटची तारीख, फी किती, रोज कधी अभ्यास करणार. एटीकेटी, म्हणजे राहिलेले विषय घेऊनही पुढच्या वर्षाला जाता येतं, हे घरी माहीत नसतं. वर्ष वाया गेलं असंच त्यांना वाटतं, तेही नीट समजावून सांग.

आता झोप. दिवसभर वाचलेलं पक्कं करायचं काम मेंदू बरंचसं झोपेत करतो, म्हणून जागरणाचा अभ्यास पेपरात दगा देतो. कॉफीतलं निम्मं कॅफिन अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहाची कॉफी पहाटे तीनलाही निम्मी शिल्लक असते. संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद कर आणि रात्री कितीही वाजता झोपलास तरी सकाळी ठरल्या वेळेलाच ऊठ. पहिले चार दिवस जड जातील.

धडधड सुरू झाली की चार मोजत श्वास घे आणि आठ मोजत सोड, पाच मिनिटं. मला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापर्यंत सकाळी चालत जाण्याचाही फार उपयोग झाला. अभ्यासाचं थोडक्यात सांगतो : नुसतं वाचू नकोस, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर गणित सोडव. जिथं अडशील तेवढंच उघडून बघ.

एक मात्र अजिबात टाळू नकोस. झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त उडालेली असेल, कशातच जीव रमत नसेल, तर डॉक्टरांना भेट. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि जगणंच नको असा विचार एकदा जरी आला, तरी त्याच क्षणी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. त्या रात्री खोलीत एकटा थांबू नकोस, शेजारच्या पोराला उठव.

शनिवारी घरी जाऊन ये. आलास की राहिलेले दोन विषय कोणते ते मला कळव. त्यात एम-थ्री असेल तर माझ्या वह्या अजून जपून ठेवल्यात, त्या तुला देतो.