ईसीजी नॉर्मल, तरी घरी का सोडलं नाही?

प्रश्न: माझं वय 52. रात्री छातीत जड जड वाटायला लागलं म्हणून कॅज्युअल्टीत गेलो. ईसीजी नॉर्मल आला तरी ठेवून घेतलं, पुन्हा ईसीजी काढला, काही तासांच्या अंतराने दोनदा रक्त घेतलं आणि शेवटी काहीच निघालं नाही. हा बिल वाढवायचा प्रकार नाही का?

राग समजू शकतो, पण या बाबतीत मी त्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. ईसीजी म्हणजे हृदयाचा जेमतेम 10 सेकंदांचा फोटो. त्या 10 सेकंदांत जे चाललंय तेवढंच कागदावर येतं, आणि अटॅकच्या सुरुवातीला तो अगदी छान, सरळ दिसू शकतो. शिवाय हृदयाची मागची बाजू नेहमीच्या 12 लीड्सना (ईसीजी हृदयाकडे ज्या 12 कोनांतून बघतो त्यांना) नीट दिसतच नाही, तिकडे गडबड असली तर पाठीवर वेगळे लीड्स लावून बघावं लागतं. म्हणून मग ट्रोपोनिनची रक्ततपासणी. हे प्रोटीन हृदयाच्या स्नायूच्या आत असतं, स्नायूला इजा झाली की रक्तात झिरपतं, पण लगेच नाही, त्याला काही तास लागतात. म्हणजे दुखायला लागल्यावर अर्ध्या तासात रक्त दिलं आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर त्याचा अर्थ एवढाच की अजून काही दिसत नाहीये. दुसऱ्यांदा रक्त घेतात ते आकडा चढतोय का ते बघायला. काही निघालं नाही हीच तर चांगली बातमी.

मला काळजी वाटते ती उलट्या बाजूच्या लोकांची, जे ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून एक गोळी घेतात आणि सकाळची वाट बघत बसतात. डायबेटिस असलेल्यांना, वयस्करांना आणि बायकांना तर कधी कधी छातीत फारसं दुखतही नाही, नुसता दम लागतो, दरदरून घाम येतो, मळमळतं, नाहीतर जबडा दुखतो, आणि घरातले म्हणतात दमली असेल, झोपू दे जरा.

प्रश्न: बाबांच्या टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) इएफ 35 टक्के आलंय. म्हणजे हृदय 35 टक्केच उरलं का? आई रडून रडून अर्धी झालीये.

आईंना आधी हे वाचून दाखवा. हे परीक्षेचे मार्क नाहीत हो, 100 पैकी 100 कुणालाच मिळत नाहीत! इएफ म्हणजे डावा कप्पा रक्ताने भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जातं तो आकडा, आणि धडधाकट माणसाचाही तो साधारण 55 ते 70 च असतो. तेव्हा 35 कमी आहे, दुर्लक्ष करण्यासारखं अजिबात नाही, पण हृदयाचा दोन तृतीयांश भाग गेला असंही नाही. हल्ली जी औषधं आहेत त्यांनी बऱ्याच जणांचं पंपिंग काही महिन्यांत सुधारतं, अट एकच, बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

आणि घरात एक वजनकाटा आणा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ती चरबी नाही, अंगात साठलेलं पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. आडवं झालं की दम लागतो म्हणून झोपताना एका उशीच्या दोन, दोनाच्या तीन उशा लागायला लागल्या, तर तोही तोच इशारा. मला विचाराल तर घरच्यांनी इएफच्या आकड्यापेक्षा या उशा मोजाव्यात.

प्रश्न: अँजिओग्राफी जागेपणी करतात म्हणे. हृदयात नळी गेलेली कळत नाही का?

नाही कळत. मनगटात किंवा जांघेत सुई टोचताना काय ते दुखतं, तेवढी जागा बधिर करतात, पण रक्तवाहिन्यांना आतून नळीचा स्पर्श जाणवत नाही. डाय (एक्सरेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून नळीतून सोडतात तो द्रव) सोडल्यावर क्षणभर गरम वाटू शकतं. वर्नर फोर्समान नावाच्या जर्मन डॉक्टरने 1929 मध्ये स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि ती तशीच आत ठेवून चालत एक्सरे काढायला गेला! तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं, 1956 मध्ये नोबेल मिळालं. फुग्याने ब्लॉकेज उघडायची पहिली अँजिओप्लास्टी झ्युरिकला 1977 मध्ये झाली, तीसुद्धा पेशंट जागा असतानाच.

प्रश्न: अटॅक येऊन स्टेंट टाकला त्याला 5 महिने झाले. दाढ काढायचीय. रक्त पातळ करायच्या गोळ्या 8 दिवस बंद ठेवू का?

नको! निदान स्वतःच्या मनाने तरी नकोच. स्टेंट ही धातूची जाळी, तिच्यावर आतून शरीराचं स्वतःचं अस्तर चढायला महिने लागतात, तोवर उघड्या धातूवर गुठळी धरू शकते आणि धरली की स्टेंट एकदम बंद, म्हणजे सरळ मोठा अटॅक. म्हणून अटॅकनंतर रक्त पातळ करायच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या साधारण वर्षभर देतात. दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढता येते, जरा जास्त वेळ कापूस दाबून धरावा लागेल, एखादा टाका पडेल. तुमच्या डेंटिस्टला आणि हार्टच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा, मधल्या मध्ये तुम्ही निरोप्या होऊ नका.

प्रश्न: अटॅक आला की जोरजोरात खोकायचं असा मेसेज फिरतोय, खरंय का?

डिलीट करा. अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबलेली असते, ती खोकून मोकळी होत नाही, अँब्युलन्सला फोन करायचा वेळ मात्र जातो. आणि कार्डिॲक अरेस्ट वेगळा, त्यात हृदय थांबतं, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो, तो खोकणार कसा? तिथे खोकायचं नाही तर शेजारच्याने दाबायचं असतं, छातीच्या मधोमध, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत.