वॉकर आडनाव: चालणाऱ्याचं की तुडवणाऱ्याचं?

ताई, तुमची मुलगी लीड्सला नोकरी करते, तिचे साहेब वॉकर आडनावाचे. ‘वॉकर म्हणजे चालणारा, त्यांचे पूर्वज पायी निरोप पोचवत असणार,’ असं तिला कुणीतरी सांगितलं. ते खरं का आणि हे आडनाव इतकं जिकडेतिकडे का दिसतं, असं तुम्ही विचारलंय. मी लोकरी कापडाच्या गिरणीत फिनिशिंग खात्यात सव्वीस वर्षं काढली, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. निरोप्यांशी या आडनावाचा काही संबंध नाही. ते आमच्याच खात्यातलं आहे. वॉकर म्हणजे कापड तुडवणारा.

मागावरून नुकतंच उतरलेलं लोकरी कापड हातात घेतलंत तर निराशा होईल. वीण विरळ, उजेडाकडे धरलं तर आरपार दिसतं आणि हाताला तेलकट लागतं. त्याचा कोट शिवला तर वारा सरळ आत येईल. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि दाब एकदम मिळाला की ते एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की सुटत नाहीत. गरम पाण्यात धुतलेला स्वेटर आखडून जाड होतो तो यामुळेच. घरी जो घोटाळा होतो, तेच गिरणीत मुद्दाम आणि मापात करायचं. आम्ही त्याला मिलिंग म्हणायचो. रुंद घातलेला तागा अरुंद होऊन बाहेर येतो, पण आता तो भरीव असतो, ऊब धरतो. या कामात हात बसायला मला तीन वर्षं लागली होती.

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये हेच काम पायांनी व्हायचं. हौदात कापड, त्यावर पाणी आणि शिळं मूत्र, आणि त्यात तासन्‌तास उभा राहून तुडवणारा माणूस. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेल सोडवतो. रोमन लोकही हीच रीत वापरत. रोममध्ये मूत्राला इतकी मागणी होती की सम्राट व्हेस्पासियनने त्यावर कर बसवला होता. उरलेलं तेल शोषून घ्यायला एक खास माती लागायची. तिचं इंग्रजी नाव ‘फुलर्स अर्थ’, म्हणजे कापड तुडवणाऱ्याची माती. आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती याच प्रकारची. पाकिटावर इंग्रजीत काय लिहिलंय ते एकदा वाचून बघा, बहुतेक हेच नाव सापडेल.

आता शब्दाकडे येऊ. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ गडगडणं, घोळणं, उलटंपालटं करणं. कापड घोळून तुडवणारा तो ‘वेआल्केरे’, आणि त्याचाच पुढे वॉकर झाला. आजचा ‘वॉक’ही त्याच मुळातून निघाला, पण पायी चालणं हा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणून मुलीला ज्यांनी सांगितलं त्यांचा कान चुकला नाही, अर्थ चुकला. जर्मन भाषेत ‘वाल्केन’ म्हणजे आजही लोकरी कापड असं घट्ट करणं. ‘चालणारा’ हा समज पक्का व्हायला त्या प्रसिद्ध व्हिस्कीच्या बाटलीचाही हातभार लागला असावा. जॉन वॉकर यांनी १८२० मध्ये स्कॉटलंडमधल्या किल्मार्नकला दुकान काढलं. बाटलीवरचा उंच टोपीतला, ढांगा टाकत जाणारा माणूस मात्र १९०८ मध्ये चितारला गेला. म्हणजे चित्र आडनावावरून सुचलं, आडनावाचा अर्थ चित्रात शोधण्यात काही हशील नाही. त्याच व्हिस्कीवरून गुरुदत्तांनी बद्रुद्दीन काझी यांचं नाव जॉनी वॉकर ठेवलं, आणि कापड तुडवायच्या हौदातला शब्द मुंबईच्या सिनेमाच्या पोस्टरवर येऊन पोचला!

मला सगळ्यात आवडतो तो भाग पुढचा आहे. या एकाच कामाला इंग्लंडच्या तीन भागांत तीन शब्द होते आणि तिन्हींची आडनावं झाली. दक्षिण आणि पूर्वेकडे, ससेक्स, केंट, सफोक या बाजूला, फुलर. हा शब्द लॅटिनमधून आला. उत्तरेत आणि मिडलँड्समध्ये वॉकर. नैर्ऋत्येला, डेव्हन आणि सॉमरसेटकडे, टकर. त्याच्या मुळाशी छळणं, त्रास देणं या अर्थाचा जुना शब्द आहे. कापडाचे जे हाल व्हायचे ते पाहता तो चपखल बसतो. तेव्हा माणूस कुठल्या भागात राहत होता ते त्याचं आडनावच सांगायचं. गेल्या दोन शतकांत लोक कामासाठी इतके इकडेतिकडे गेले, तरी जनगणनेवरून काढलेल्या आडनावांच्या नकाशांवर हे तीन पट्टे अजून ओळखू येतात. अशा नकाशापुढे मी तासभर रमतो.

आडनावं वंशपरंपरेने चालू लागली ती साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात, आणि नेमकं त्याच काळात पायांचं काम पाण्यावरच्या गिरण्यांकडे चाललं होतं. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरायचं आणि लाकडी हातोडे कापडावर आपटायचे. अशा अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक ११८५ ची आहे. नाइट्स टेम्पलर या लढवय्या धर्मसंघाच्या मालमत्तेच्या यादीत टेम्पल न्यूसमला अशी गिरणी होती. टेम्पल न्यूसम आज लीड्स शहरातच आहे, मुलीला सुटीच्या दिवशी सहज जाता येईल. उत्तरेत अशा गिरणीला ‘वॉक मिल’च म्हणत, त्यामुळे कितीतरी वॉकर प्रत्यक्ष तुडवणारे नसून गिरणीवाले असतील.

इतके वॉकर का, याचं उत्तर लोकरीत आहे. मध्ययुगात इंग्लंडची श्रीमंती लोकरीवर उभी होती. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लोकर भरलेल्या बैठकीवर बसायची प्रथा त्याचीच खूण. कापड विणलं जाई तिथे तुडवणारा लागायचाच, म्हणून हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं. सगळे कुलकर्णी जसे एका घराण्याचे नाहीत, तसेच सगळे वॉकरही नाहीत. पुढे औद्योगिक क्रांतीत उत्तरेतल्या यॉर्कशायर-लँकाशायरची वस्ती भराभर वाढली आणि फुलर, टकर मागे पडले. शिवाय स्कॉटलंडमध्ये गेलिक भाषेतल्या ‘मॅक अन उकादिर’, म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा, या नावाचंही इंग्रजीत वॉकर केलं गेलं. आज इंग्लंडमध्ये हे आडनाव पहिल्या विसांत येतं. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत ते ३१ वं होतं, ५ लाखांहून जास्त माणसांचं. त्यातले सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत. गुलामगिरीच्या काळात आणि १८६५ मध्ये ती संपल्यावर अनेकांकडे मळेमालकांची किंवा ओळखीतली आडनावं आली, तेव्हा त्यांच्या बाबतीत कापडाचा धागा लावू नये.

एक छोटा अपवादही आहे. न्यूकॅसलजवळ टाइन नदीकाठी वॉकर नावाची वस्ती आहे. तिच्या नावाचा अर्थ रोमन भिंतीजवळची दलदल. तिथून निघालेल्या काही घराण्यांचं आडनाव गावावरून पडलेलं असू शकतं.

आपल्या इतिहासातही एक वॉकर आहेत. कर्नल अलेक्झांडर वॉकर, स्कॉटिश, १८०२ पासून बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट. काठेवाडच्या संस्थानिकांनी गायकवाडांना किती खंडणी द्यायची ते १८०७ मध्ये त्यांनी ठरवून दिलं. तो करार ‘वॉकर सेटलमेंट’ म्हणून ओळखला जातो.

साहेबांना स्वतःचं मूळ शोधायचं असेल तर आडनावाच्या अर्थावर थांबू नका म्हणावं. आजोबा-पणजोबा कुठल्या परगण्यातले, हे आधी विचारायचं आणि मग त्या गावच्या चर्चची नोंदवही बघायची. अशा वह्या ठेवायचा हुकूम १५३८ मध्ये निघाला.

मुलीच्या शेजारच्या टेबलावरच्या टकरबाईंबद्दलही तुम्ही विचारलंत. त्यांना डेव्हनमध्ये कुणी नातेवाईक आहेत का, ते विचारायला सांगा. तिथे एक्झिटर शहरात विणकर, तुडवणारे आणि कापड कातरणारे यांच्या संघाची इमारत आहे, १४७१ च्या सुमाराची. तिचं नाव टकर्स हॉल. तुडवलेलं कापड सुकताना पुन्हा आखडू नये म्हणून तिथले लोक ते शहराबाहेर लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून ठेवत. त्या चौकटीला ‘टेंटर’ म्हणत. आमच्या गिरणीत कापड ताणून वाळवणारं जे लांबलचक यंत्र होतं, ज्याच्यावर मी पहिली पाच वर्षं काम केलं, त्याला आम्ही सगळे स्टेंटर म्हणायचो. ते यंत्र म्हणजे याच चौकटीचा पुढचा अवतार.