कॉलेज फुटबॉलमध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या संघांमधल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, एवढा पैसा आल्यावर अमेरिकन चाहत्यांची निष्ठा टिकते का?

टिकते, पण ती आता खेळाडूंवरून उठून फक्त विद्यापीठाच्या नावावर आणि जर्सीच्या रंगावर आली आहे. २०२१ मध्ये खेळाडूंना जाहिरातीतून कमवायची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी एक मोसम बाहेर न बसता कॉलेज बदलायचीही. जुलै २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली; पहिल्या वर्षाची मर्यादा सगळे खेळ मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलर. टेनेसी विद्यापीठाला प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या बाद फेरीत) नेणारा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं सांभाळणारा खेळाडू, निको इयामलियावा एप्रिल २०२५ मध्ये मानधनाची बोलणी फिसकटल्यावर निघाला आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात गेला. ज्याला डोक्यावर घेतलं तो पुढच्याच मोसमात दुसऱ्याच्या रंगात, हे चाहत्याला लागणारच.

माझ्या मते मोठा घाव मात्र टीव्हीच्या पैशाने घातला. त्या पैशासाठी यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठं २०२४ मध्ये पॅक-१२ ही आपली साखळी सोडून बिग टेन या दुसऱ्या साखळीत गेली. बाकीचेही पांगले आणि पॅक-१२ मध्ये उरले फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्या मोसमात यूसीएलए रटगर्स विद्यापीठाशी खेळायला लॉस एंजेलिसहून थेट न्यू जर्सीला गेलं, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. सहकुटुंब गाडी काढून बाहेरगावचा सामना बघायला जाणाऱ्या चाहत्याने एवढ्या लांब कसं जायचं?

एवढं मात्र लक्षात घ्या, की खेळाडूंना दोष देणं अन्यायाचं आहे. स्टेडियम त्यांच्याच घामावर भरत होती आणि हातात पडत होती जेमतेम शिष्यवृत्ती.