अ‍ॅपनं दारू सुटेल का?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत विस्कॉन्सिनला पोस्ट-डॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करते. विषय काय, तर दारू सोडणाऱ्यांसाठी मोबाइल अ‍ॅप! घरात सगळे हसले, मी मात्र कान टवकारले. आमचे 'हे' कित्येक वर्षं रोज घेतात. आता क्वार्टरवर भागत नाही. त्यांच्या नकळत असं अ‍ॅप फोनमध्ये टाकून देता येईल का? जाता जाता : हल्ली सकाळी कपबशी धरताना त्यांचे हात थरथरतात, थोडी 'घेतली' की थांबतात.
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, मुख्य गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत. थरथर प्यायल्यावर थांबते, म्हणजे शरीर दारूवर अवलंबून आहे. तेव्हा रागाच्या भरात बाटली मोरीत ओतू नका. अशा माणसाची दारू एकदम तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम होतो, अंगावर किडे चालताहेत म्हणून माणूस चादर झटकत बसतो. यात जीवही जातो. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे.

भाचीला मात्र हसू नका. (पीएचडीनंतरही 'अजून शिकतेच का?' असं ज्यांना विचारतात, ती ही मंडळी.) विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड गुस्ताफसन यांच्या गटानं 'ए-चेस' नावाचं अ‍ॅप बनवलं. रुग्ण आपला नेहमीचा बार त्यात स्वतःच नोंदवून ठेवतो. पावलं तिकडे वळली की फोन टोकतो. तलफ आवरेना तर एक बटण दाबायचं, की ठरवलेल्या माणसांना निरोप जातो. ३४९ जणांवरचा त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. अ‍ॅप मिळालेल्यांचे महिन्यातले धोकादायक पिण्याचे (एका बैठकीत मर्यादेबाहेर घेण्याचे) दिवस सरासरी १.३९, बाकीच्यांचे २.७५. पण ही सगळी माणसं निवासी उपचार घेऊन बाहेर पडलेली होती. तुमच्या घरी अजून तो टप्पा आलेला नाही.

गोव्यातही 'संगाथ' संस्थेनं ३७७ पुरुषांवर रीतसर प्रयोग केला, पण अ‍ॅपचा नाही, समुपदेशनाचा : प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून. तीन महिन्यांनी पाहिलं तर, समुपदेशन मिळालेल्यांत आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के निघाले. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत १८ टक्के. तिथेही पूर्ण आहारी गेलेल्यांना प्रयोगात घेतलं नव्हतं.

राहता राहिलं 'नकळत'. बार स्वतः नोंदवायचा असेल तर नकळत कसं जमणार? आणि 'न सांगता जेवणात मिसळा'वाल्या पुड्यांच्या जाहिराती तुमच्याकडेही येत असतीलच. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांत दारूशी न जमणारं औषध असलं आणि ते दारूसोबत पोटात गेलं, तर रक्तदाब कोसळू शकतो.

यजमानांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. तयार नसतील तर तुम्ही एकट्या १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना रोज किती घेतात, शेवटची कधी घेतली आणि पूर्वी कधी फिट आली होती का, एवढं कागदावर लिहून न्या.